अर्ध्या डॉलरवरच्या रेघा

माझे सासरे पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत बॉबलिंगेनला आले ते एकच हट्ट घेऊन. कोलोनचं कॅथेड्रल नको, ऱ्हाईनमधली बोटही नको. "मला माझं नाणं जाणकाराला दाखवायचंय." नाणं म्हणजे १९४३चा चांदीचा अमेरिकन अर्धा डॉलर. एका बाजूला सूर्याकडे चालत निघालेली बाई, दुसऱ्या बाजूला गरुड. बोटीवर नोकरी करणाऱ्या थोरल्या भावाने सासऱ्यांना, म्हणजे आमच्या बाबांना, दिलेला. कोलोनला एका रविवारी जुन्या नाण्यांचा बाजार आहे असं कळलं आणि मी तिकिटं काढली.

मला मात्र बाबांपासून एक गोष्ट लपवायची होती. सासूबाई वारल्यावर गेल्या दिवाळीत पुण्याच्या घरी लक्ष्मीपूजनाची तयारी पहिल्यांदाच माझ्याकडे आली. निरांजन, वाट्या घासता घासता पूजेतलं ते नाणंही मी चिंच आणि भांड्यांची पावडर लावून लख्ख केलं. त्याला पाण्याशिवाय काही लावायचं नाही, हा बाबांचा नियम मला नंतर कळला.

प्रवास सोपा आहे. एस-बान या लोकलने श्टुटगार्ट, तिथून आयसीई या वेगवान गाडीने साधारण अडीच तास. डॉइचलांडटिकेट हा महिन्याचा पास आयसीईत चालत नाही, त्यामुळे तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. मी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. त्या खाऊन, हात पुसून बाबांनी शिकवणी सुरू केली.

"आधी उंचवटे बघायचे, ते आधी झिजतात. बाईचा हात, झग्याच्या चुण्या, गरुडाची छाती. चुण्या दिसतायत ना?"

"दिसतायत, बाबा."

"आणि ही चकाकी! जवळजवळ न वापरलेलं म्हणायला हरकत नाही."

ती चकाकी माझी होती.

बाजार एका साध्या हॉलमध्ये होता, प्रवेश पाच युरो. नाणं कडेनेच धरायचं आणि खाली मऊ कापड ठेवायचं, एवढं लक्षात ठेवलंत तर तिथे कोणी ओरडत नाही. एका टेबलामागे पिकल्या केसांच्या आजी गळ्यात भिंग अडकवून बसल्या होत्या. त्यांनी नाणं दिव्याखाली हळूहळू तिरकं केलं.

"आल्झो, झीज फारच कमी," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "पण हे घासलेलं आहे."

बाबांना जर्मन येत नाही. "काय म्हणतायत?" त्यांच्या हातात वही उघडी होती, पेन तयार. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. पण त्या पेनाकडे बघून मला खोटं बोलवेना.

"बाबा, नाणं घासलंय म्हणतायत. मीच घासलं. दिवाळीत, चिंचेने."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "आधी सांगायचंस गं," एवढंच म्हणाले.

आजींनी आमचे चेहरे पाहिले असावेत. "नाइन, नाइन," नाही, नाही म्हणत त्यांनी भिंग पुढे केलं. सरळ रेघा ताज्या आहेत, त्या सांगू लागल्या, पण त्यांच्याखाली बारीक, मंद पडलेल्या गोल रेघा आहेत. कोणीतरी वर्षानुवर्षं गोल गोल घासलंय. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

बाबा भिंगातून खूप वेळ बघत होते. "म्हणजे ही दरवर्षी... आणि मला म्हणायची, अहो, फक्त पाण्यातून काढलं." ते मोठ्याने हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. अशा घासलेल्या नाण्याला दर्जाची प्रत मिळत नाही, असं आजींनी सांगितल्यावर त्यांनी वहीत नीट अक्षरात 'साफ केलेले' असं लिहिलं.

नदीकाठी आम्ही 'हाल्व हान' खाल्लं. नावात कोंबडा असला तरी आत राय धान्याचा पाव आणि चीजच असतं, शाकाहारींनी बिनधास्त मागवा. तरीही बाबांनी पाव उघडून खात्री केलीच.

आजही नाण्याची प्रत कोणी विचारली तर मला सांगता येणार नाही. पण पुण्याला निघायच्या दिवशी बाबांनी ते माझ्या हातात दिलं. कडेने धरून नव्हे, सरळ तळहातावर ठेवलं.

"दिवाळीला पूजेत मांड," ते म्हणाले. "आणि घासशील तेव्हा गोल घास. तिच्यासारखं."