पाटीसकट विकणे आहे

वडिलांचे गुडघे गेले आणि नांदेडमधली आमची सहा फ्लॅटची इमारत विकायचं ठरलं. खाली पार्किंग, लिफ्ट नाही, वडील दुसऱ्या मजल्यावर. विकून लातुरात माझ्याजवळ तळमजल्याचं घर घ्यायचं होतं. तोवर दवाखान्यात न्यायचं तर त्यांना खुर्चीसकट उतरवावं लागे, आणि त्याची त्यांना फार लाज वाटे.

गेटवर संगमरवरी पाटी होती, ‘पंचशील’. पाटबंधारे खात्यात नोकरी करून वडिलांनी इमारत उभी केली, पण बुद्धाच्या पाच शीलांवरचं हे नाव प्लॉट घ्यायच्या आधीच ठरलेलं होतं.

पहिल्या दलालाने पाटी वाचली आणि कुणी न विचारता सांगितलं, “काका, आम्ही असलं काही मानत न्हाई बघा.” चहा पिऊन, फोटो काढून गेला. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली. इमारत होती, गेट होतं, कोपऱ्यातलं कुत्रंसुद्धा होतं; पाटी तेवढी नव्हती. दुसराही काही मानत नव्हता. त्याने आपला भलामोठा बॅनर नेमका पाटीवरच बांधला. वारा लागतो म्हणे तिथे.

तिसरा अर्धापूरचा, केळीचा व्यापार सोडून दलालीत शिरलेला. बसल्या बसल्या म्हणाला, “काका, नाव झाका, महिन्यात विकून देतो. न्हाई झाकलं तर लई वेळ लागंल. पार्ट्या नाव वाचून माघारी जायलेत.”

माझं डोकंच फिरलं. मी त्याला जिना दाखवणार, तेवढ्यात वडील म्हणाले, “ह्यालाच काम दे. तोंडावर बोलला. पाटी मात्र झाकायची न्हाई.”

वेळ लागलाच. पार्ट्या गेटवरूनच वळत, वडील गॅलरीतून बघत बसत. मला त्यांच्याकडे बघवत नसे. आपला हा दलाल मात्र दर वेळी वर येऊन खरं कारण सांगून जाई. शेवटी उमरीच्या एका जोडप्याने इमारत घेतली. नाव बदलणार होतेच ते. वडील म्हणाले, “तुमची झाल्यावर काय बी ठेवा.” आणि पाटी काढून घेतली.

लातुरात घर बघायला गेलो तेव्हा पाटी गाडीत त्यांच्या मांडीवर होती. तिथला दलाल खिडकीशी आला. घर दाखवायच्या आधीच वडिलांनी विचारलं, “दाराशी ही लावायला जागा हाय का?”

त्याने पाटी वाचली. तोंडभरून हसला.

“काका, आम्ही असलं काही मानत न्हाई.”

वडिलांनी काच वर घेतली आणि मला म्हणाले, “गाडी वळव. दुसरा बघू.”