फ्लेक्स झाकू नये म्हणून

मंडळी, आत्ताच सोनईहून आले. डोकं अजून भणभणतंय, म्हणून लिहायला बसले.

सुमनताई माझ्या शेजारी. नवरा गेल्यापासून चार वर्षं त्यांनी तंबोऱ्याची गवसणी काढली नव्हती. आजच्या मैफिलीत गायला मीच त्यांना तयार केलं.

त्यांनी सूर लावला आणि माइक किंचाळला. पुन्हा सूर, पुन्हा किंकाळी. साउंडचे बॉक्स त्यांच्या पाठीमागेच होते, त्यांतला आवाज परत माइकमध्ये शिरत होता. मी उठून साउंडवाल्याला म्हटलं, "बॉक्स पुढे घ्या."

"मला बी कळतंय मॅडम, पन पुढं घेतलं की फ्लेक्स झाकतोय. सायबांचा फोटो हाय त्यावर."

"मग गाणार कोण? साहेब?"

संयोजक हसले. "ताई, घ्या की जरा चालवून."

तिसऱ्या किंकाळीला सुमनताईंनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि खाली उतरल्या. गाडीत एवढंच म्हणाल्या, "माझाच आवाज गेलाय गं."

मी परोपरीने सांगितलं, पण त्यांना पटलं नाही. आज तिथे बसलेलं कुणी हे वाचत असेल, तर उद्या त्यांच्याकडे येऊन खरं काय ते सांगाल का?