बाबांचा हिरवा ठिपका

मंडळी, अजून छाती धडधडून राह्यली.

माझे बाबा मेडशीत एकटे राहतात, खत-बियाण्याचं दुकान चालवतात. नऊला त्यांनी दुकानातला कॉम्प्युटर लावला का व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप आपोआप उघडते आणि माझ्या मोबाईलवर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका येते. तो दिसला का माझा जीव भांड्यात.

आज अकरा वाजले तरी ठिपका नाही. फोनही उचलेनात. मी राहते त्या मालेगावहून मिळेल त्या एसटीत बसून मेडशी गाठली.

बाबा दुकानात मजेत! फोन घरी चार्जिंगले.

"काहून आली वं अशी?"

"तुमचं ते अ‍ॅप दिसलं नाही आज."

"सारखं मधात उघडे, म्हणून बंदच करून टाकलं. कोण करते मले त्याच्यावर कॉल?"

ते गिऱ्हाइकाकडे वळले तसं मी कॉम्प्युटरवर ते आपोआप उघडायचं सेटिंग गुपचूप पुन्हा चालू केलं. पण खरंच, कोण करते त्यांना त्याच्यावर कॉल? मी ठिपका रोज पाह्यला, व्हिडिओ कॉल एकदाही केला नाही.