आधी सासूबाईंना विचारा

बाळंतिणीची चौकशी करायला आलेल्या मालूताई बाळंतिणीकडे फारसं बघायच्याच नाहीत. घरात सगळ्यांत जास्त कोण बोलतं ते हेरून त्याच्यासमोर खुर्ची ओढायच्या. वडनेरच्या आमच्या घरी हा मान अर्थात सासूबाईंचा.

मालूताई दवाखान्यात समुपदेशक होत्या. बाळंतपणाचा धसका ज्यांच्या मनात बसून राहतो, अशा बाया शोधणं हे त्यांचं काम. "टाके सारेच पाह्यतात," त्या म्हणायच्या, "धसका कोणी पाह्यत नाई."

माझं बाळंतपण फार अवघड गेलं. रक्त थांबेना. स्ट्रेचरवरून नेताना कोणीतरी म्हणालं, "गेली वाटते." त्या स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरत होतं. मी वाचले, बाळही सुखरूप. पण घरी आल्यावर भाजीवाल्याच्या हातगाडीचं चाक कुरकुरलं, की मी बाळाला छातीशी धरून न्हाणीघरात शिरायची आणि आतून कडी लावायची. घरच्यांना वाटलं, माझं भाजीवाल्याशी भांडण आहे. यजमान त्याला जाब विचारून आले. त्या बिचाऱ्यानं माफी म्हणून कोथिंबिरीची जुडी पाठवली. सासूबाईंनी चाकाला खोबरेल पाजलं. मी गावच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे गावात बातमी झाली, की शाळेतल्या बाईंना भाजीवाल्याची वांगी चालत नाहीत.

अशात मालूताई आल्या. त्यांनी मला विचारलं, "वाईट स्वप्नं पडतात काय?"

"नाई पडत," सासूबाई म्हणाल्या.

"दचकता काय?"

"कायले दचकते? मस्त आहे ते."

"एकदम मस्त," यजमान म्हणाले.

मालूताईंनी शांतपणे खुर्ची फिरवली. "मंग काकू, आधी तुमचंच होऊन जाऊ द्या. तुमचं बाळंतपण आठवते काय?"

"मले काय धाड भरली?" सासूबाई हसल्या. हसता हसता थांबल्या. "बैलगाडीत झालं माह्यं. नाल्याले पूर. गाडीवान लाजून तिकडं तोंड करून बसला अन् जोरजोरानं अभंग म्हणे. मी वरडून राह्यली, थो आणखी वरच्या पट्टीत. अजून बी थो अभंग लागला की मी देवळातून उठून येतो. लोक म्हणतात, म्हातारीचा देवावर भरोसा नाई."

यजमान आईकडे बघतच राहिले. ते बाळ तेच होते.

मग माझ्याही तोंडून चाक, स्ट्रेचर, ते 'गेली वाटते', सगळं बाहेर पडलं.

"मंग सांगितलं काऊन नाई?" सासूबाई रडत रडत माझ्यावर खेकसल्या.

"तुमी तरी कोणाले सांगितलं, काकू?" मालूताई म्हणाल्या.

पुढे कितीतरी महिने आम्ही सासू-सुना एकाच एसटीनं मालूताईंकडे जायचो. आत आधी कोणी जायचं यावरून बाकावर भांडायचो. हळूहळू न्हाणीघर सुटलं.

मालूताईंच्या निरोप समारंभाला मी गेले तेव्हा हॉल सासवांनी भरला होता. मालूताई मात्र मागच्या व्हरांड्यात एकट्याच उभ्या होत्या. सहज विचारावं तसं मी विचारलं, "ताई, तुमचं बाळंतपण कसं झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसल्या. "हे मले कोणी विचारलंच नोतं, बाई."

त्या सांगू लागल्या. आत माइकवर त्यांचं नाव पुकारत होते. शाल-नारळ घेऊन साहेब ताटकळले होते. शेवटी शिपाई धावत आला. "मॅडम, चला ना, सारे थांबून राह्यले!"

मालूताईंनी पदरानं डोळे टिपले आणि माझा हात घट्ट धरून त्याला म्हणाल्या, "थांबा म्हणा त्याईले. मी आत्ता कुठं बाळंत होऊन राह्यली."