न वाजलेला डबा

हे मी आजवर टाळलं. चळवळीच्या आठवणी सांगायला मला पुष्कळदा बोलावलं. मोर्चे, पोलीस कोठडी, पडीक जमिनीवर टाकलेल्या झोपड्या, सगळं सांगितलं. मुलीच्या डब्याचं कुठेच सांगितलं नाही.

वरवट बकाल या गावी असताना मी शिक्षकाची नोकरी सोडली आणि आम्ही दोघं नवरा-बायको भूमिहीनांच्या संघटनेत शिरलो. मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिच्या लेखी क्रांती म्हणजे देव्हाऱ्याच्या जागी आलेली पुस्तकं आणि रोज पंगतीला बसणारी अनोळखी माणसं. "हे लोक आपापल्या घरी काऊन जात नाहीत?" असं तिनं आईला एकदा विचारलं होतं.

भुलाबाईचे दिवस होते. गल्लीतल्या मुली रोज संध्याकाळी एकेका घरी गाणी म्हणत. शेवटी त्या घरची मुलगी झाकलेला डबा हलवी आणि बाकीच्यांनी आवाजावरून खाऊ ओळखायचा. आमच्या घरात असलं काही चालत नव्हतं. पण ती फार रडली, म्हणून आईनं एक संध्याकाळ कबूल केली. मायलेकींनी शेंगदाण्याचे लाडू वळले.

त्याच दुपारी बैठकीला माणसं लांबून पायी आली, उपाशी. मी डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला, मग झाकण लावून परत फळीवर. बायको शेतमजुरांकडे गेली होती. मुलीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

संध्याकाळी तिनं डबा हलवला.

"वाजूनच नाही राह्यला वं!"

"कापूस भरला का वं?"

"इच्या बापानं खाल्ला असन!"

सगळ्या हसल्या. तिनं झाकण काढून आत पाहिलं. मी पुढे झालो आणि त्या पोरींना वाटून खाण्यावर भाषण दिलं. चांगलं झालं भाषण. पोरी खाऊ न घेताच गेल्या.

"बाबा, मले इचारलं असतं तं म्या देले असते लाडू," ती म्हणाली.

"तुले नाही समजत अजून," मी म्हणालो.

ती रडली नाही. त्यानंतर तिनं मैत्रिणींना कधी घरी बोलावलं नाही.

आता तिचे केस पिकलेत. परवा भेटून परत निघाली, तेव्हा एसटीच्या खिडकीखाली मी उभा होतो. तुले इचारायले पाह्यजे होतं, एवढंच म्हणायचं होतं.

"काही म्हणता का, बाबा?"

"पाण्याची बाटली घेतली ना?" मी विचारलं.