कडकमावशीचं ऊन

आमच्या गल्लीत तिला सगळे कडकमावशी म्हणतात. एक तर कपड्यांना ती खळ अशी घालते, की तिच्याकडून आलेला शर्ट खुर्चीवर टाकला तर पाहुणा आल्यासारखा ताठ बसून राहतो. दुसरं कारण तिच्याशी चार वाक्यं बोललेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

धुलाईचं दुकान तिच्या सासऱ्यानं काढलेलं. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत इस्त्रीचं टेबल आणि टेबलामागे तिचा नवरा. त्यांना गल्ली काका म्हणते. इस्त्रीची वाफ जेवढा आवाज करील तेवढाच काकांचा. मधल्या खोलीत दोघांचा संसार, त्यामागे कपडे उकळायची भट्टी आणि भट्टीच्या मागे अंगण. दोऱ्याच दोऱ्या, मधूनमधून बांबूचे टेकू. हॉटेलच्या चादरी, दवाखान्यातले कोट, शाळेचे गणवेश, सगळं तिथं वाळतं. मावशी नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूनं तिला स्वयंपाकघर नंतर दाखवलं. आधी अंगणात नेलं आणि ऊन सकाळी कुठल्या भिंतीवरून उतरतं, दुपारी कुठल्या दोरीवर थांबतं, ते दाखवलं. सासू पुढं तिच्याशी जन्मभर भांडली, पण ते ऊन मात्र नीट हाती देऊन गेली.

मुलानं मध्यंतरी कपडे वाळवायचं मशीन आणून दिलं होतं. मावशीनं त्यात एक चादर वाळवली, बाहेर काढून नाकाला लावली आणि म्हणाली, "हिला आजाऱ्याच्या खोलीचा वास येतोय." तेव्हापासून त्या मशीनमध्ये चिमटे ठेवतात. दार घट्ट लागतं, आत मांजर शिरत नाही, एवढं कौतुक ती त्याचं आल्यागेल्याला सांगते.

आम्ही खेड्यात वाढलेली माणसं. आमच्याकडे उन्हाला शिव्या घालायच्या, ही रीत. उन्हासाठी कुणी पदर खोचून भांडेल, हे शहरात येऊन बघितलं.

झालं असं, की अंगणाच्या पलीकडे लाकडाची वखार होती. पत्र्याची, बसकी, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. ती विकली गेली आणि तिथं मोठा बोर्ड लागला. बोर्डावर आभाळात घुसलेली इमारत, खाली हिरवळ, हिरवळीवर पांढऱ्या शर्टातला एक माणूस बायकोकडे बघून हसतोय. आमची गल्ली त्या चित्रात नव्हतीच. तिच्या जागी झाडं काढली होती. सगळी गल्ली बोर्डाखाली मान वर करून उभी. मावशी हात पुसत आली, चित्र नीट बघितलं आणि म्हणाली, "कॉलरला इस्त्री नाही."

लोक हसले. तीही हसली. मग तिनं एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा आपल्या अंगणाकडे, आणि हात पुन्हा पुन्हा पुसत राहिली. ते कोरडे झाले होते तरी.

विरोधाची बैठक तिच्याच दुकानात भरली, कारण सगळ्यांना कोपर टेकायला पुरेल एवढं टेबल गल्लीत दुसरं नाही. पुढाकार ड्रॉइंग मास्तरांचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना ओरडायला वर्ग उरला नव्हता. त्यांनी आता गल्लीचा वर्ग केला. प्रत्येकाचं दुखणं वेगळं. कुणाला पाण्याची काळजी, कुणाला गाड्यांची. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, एवढी माणसं आली तर आपलं बरंच आहे, पण ती वर कुठंतरी थाटाचं सलून काढतील, म्हणून तोही विरोधात.

"मावशी, तुमचं काय म्हणणं?" मास्तरांनी विचारलं.

"माझं ऊन जातंय."

"ते ठीक आहे, पण मुद्दा म्हणून काय मांडायचं?"

"ऊन जातंय, हाच मुद्दा. चादर वाळली नाही तर मी काय फुंकर घालू तिला?"

तिचा मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, मशीन आहे की. लागलं तर अजून एक घेऊ."

"घे. चिमटे वाढलेत माझे."

काका इस्त्री फिरवत होते, ते मान वर न करता नुसते गालात हसले. पण मुलगा चुकीचं बोलत नव्हता, हे मावशीलाही कळत होतं. हॉटेलवाल्याला चादरी रोज लागतात. दोन दिवस ओल्या राहिल्या तर तो तिसऱ्या दिवशी दुसरा धोबी बघेल, आणि मग दवाखानाही. मग मशीनच्या दारात उभं राहून म्हातारपण काढायचं. तिला ते नको होतं. एवढंच होतं सगळं.

मास्तरांनी बॅनर रंगवायचे ठरवले. कापड मावशीनं दिलं. हॉटेलनं जुन्या म्हणून टाकलेल्या चादरी तिच्याकडे पडून होत्या. मास्तरांनी त्यावर अक्षरं काढली. एकेक अक्षर तब्येतीत, वळणदार. रंग शाळेतला उरलेला वापरला. गल्लीभर बॅनर लागले आणि आम्हाला आपण कुणीतरी असल्यासारखं वाटायला लागलं. पण वखार पाडायचं काम सुरू झालं, मातीचे ट्रक येऊ-जाऊ लागले आणि त्यांनी उडवलेल्या चिखलानं बॅनरांची पार रया गेली.

तेवढ्यात निरोप आला, उद्या पाहणीला पालिकेच्या वरच्या ऑफिसातून मॅडम येणार. मास्तरांनी सगळे बॅनर उतरवले, घडी करून गठ्ठा बांधला आणि संध्याकाळी काकांकडे आणून दिला. "काका, वाळलेला चिखल झटकलाय. तुम्ही नुसती इस्त्री मारून ठेवा. सकाळी घेऊन जातो."

काकांनी मान हलवली आणि गठ्ठा टेबलाखाली सरकवला. बायकोला सांगायचं राहिलं. काकांचं बरंच काही सांगायचं राहतं.

मावशी उजाडायच्या आत उठते. अंधुक उजेडात तिला टेबलाखाली गठ्ठा दिसला. हात घातला, कडेची शिवण बोटांना ओळखीची लागली. हॉटेलच्या चादरी. चिखल बघून ती मनात म्हणाली, काल तिथं लग्नाची पार्टी झाली असणार, काय काय सांडतात मेले. आणि अख्खा गठ्ठा सोडा टाकून भट्टीत घातला.

पाणी निळं झालं. मग हिरवं. ती पार्टीवाल्यांना शिव्या घालत काठीनं ढवळत राहिली. एका चादरीवरचा तांबडा डाग काही हटेना. तिला वाटलं, टोमॅटोचा सॉस. दगडावर घेऊन तिनं तो अस्सा घासला. एव्हाना चांगलं दिसायला लागलं होतं. तिनं चादर ताणून धरली आणि डागात तिला वाचता आलं, 'ऊन'.

तिनं बाकीच्या चादरी उलटून बघितल्या. सगळ्या कोऱ्या. मग तिनं तो शब्दही घासून काढला. अर्धा राहिलेला डाग तिला बघवत नाही.

मास्तर आले तेव्हा अंगणभर पांढऱ्याशुभ्र चादरी फडफडत होत्या.

"बॅनर कुठायत?"

"वाळतायत."

मास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यांखालून फिरून आले. "अक्षरं?"

"गटारात."

मास्तर पालथ्या बादलीवर बसले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि तो तिथंच ठेवला. मावशी म्हणाली, "रंग पक्का घ्यायचा होता मास्तर." पण आवाज नेहमीचा नव्हता. ती आत गेली आणि खळ करायला घेतली. खळ घालायचं त्या दिवशी काहीच नव्हतं. दारातून काका एवढंच म्हणाले, "अगं, मी सांगायचं विसरलो." तिनं ढवळणं थांबवलं नाही. "तुम्ही बोलायला लागलात हेच पुष्कळ आहे."

मॅडम आल्या. बरोबर बिल्डरचा माणूस, बगलेत नकाशाची गुंडाळी. गल्लीत एकही बॅनर नाही, माणसं भिंतींना टेकून गप्प. बिल्डरचा माणूस खुशीत होता. "इथं कुणाची तक्रार नाही मॅडम. आणि या मागच्या बाजूला तर वस्तीच नाही, मोकळी जागा आहे."

त्या मोकळ्या जागेतून चादरींचा फडफडाट येत होता. मॅडमनी दुकानात डोकावलं, भट्टीच्या बाजूनं वाट काढली आणि अंगणात येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या पांढऱ्यावर ऊन पडलेलं, त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"हे काय आहे?"

"बॅनर," मावशी म्हणाली.

"यावर काही लिहिलेलं नाही."

"होतं. मी धुतलं."

"काय लिहिलं होतं?"

मावशीनं आठवून बघितलं. "डाग काढताना वाचत कोण बसतं मॅडम? एक तेवढं वाचलं. ऊन होतं." मग तिनं जवळची चादर पुढं धरली. "हात लावा. मघाशी टाकलीय, बघा कशी झालीय. तिकडे तो डोंगर उभा राहिला, की ही संध्याकाळपर्यंत अशीच गळत राहणार, आणि मी हिच्याखाली."

मॅडमनी हात लावला. नंतर चादरीचा वासही घेतला, चोरून, पण आम्ही बघितलं. मग बिल्डरच्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "सावली कुठवर येते ते दाखवा."

तो म्हणाला, "नकाशा उघडायला इथं जागा नाही."

"टेबल आहे की," काका म्हणाले.

नकाशा टेबलावर पसरला, पण गुंडाळी राहून राहून मिटत होती. काकांना सुरकुती दिसली की हात थांबत नाही. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी वर फडकं टाकलं आणि हलकी इस्त्री फिरवली. बिल्डरचा माणूस "अहो, अहो" करेपर्यंत नकाशा टेबलाला चिकटल्यासारखा सपाट. मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी वाकून बघितलं. अंगणाच्या जागी 'मोकळी जागा' असं छापलेलं होतं आणि सावलीची रेघ ते सबंध गिळून पुढं गेली होती. त्यांनी पेन्सिल काढली, ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'कपडे वाळवण्याचं अंगण.' पलीकडे उभ्या मास्तरांनी अक्षर बघितलं आणि इतक्या दुःखातही पुटपुटले, "वळण चांगलं आहे."

निकाल यायला पुष्कळ दिवस लागले. इमारत व्हायची ती झालीच. पण उंच भाग मागं मोठ्या रस्त्याकडे सरकला आणि काही मजले कमी झाले. मावशीच्या अंगणात दुपार ढळेपर्यंत ऊन येतं. मग त्या इमारतीची सावली कोपऱ्यातून आत शिरते. मास्तरांना हा पराभव वाटतो. ते अजून बोर्डाच्या जागेवरून जाताना तोंड फिरवतात.

मावशी पूर्वीपेक्षाही लवकर उठते. हॉटेलच्या चादरी दुपारच्या आत उतरवते, लहान कपडे शेवटच्या दोरीवर घालते. काकांनी एक खुर्ची अंगणात नेऊन ठेवलीय. आयुष्यभर त्या अंगणात सावली अशी नव्हतीच. आता जेवण झालं की ते तिच्यात बसल्या बसल्या डुलकी काढतात. "ज्या सावलीशी भांडलो, तिच्याच मांडीवर झोपतात हे," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि त्यांचे पाय उन्हात राहिले तर खुर्ची सावलीत ओढून देते.

परवा मी कपडे न्यायला गेलो तेव्हा सावली काकांच्या पायांवरून पुढं सरकत दोरीखाली आली होती. मावशी उशांचे अभ्रे चाचपत होती. दोन ओले होते. तिनं ते काढले, उन्हात उरलेल्या पलीकडच्या दोरीवर नेले, चिमटे लावले, आणि लवकर आलेल्या गिऱ्हाईकाला सांगावं तसं जमिनीवरच्या सावलीकडे बघून म्हणाली, "थांब जरा. झालंच आहे."