मावशीची आरास

मावशी गेल्याचा फोन चाकूरहून आला, तेव्हा मी नांदेडला ऑफिसच्या जिन्यात उभी होते. रडू नंतर आलं. आधी डोळ्यांसमोर आल्या तिच्या बाहेरच्या खोलीतल्या लाकडी पायऱ्या... आणि त्यांवर तोंड पुढे करून उभी असलेली मुलांची पुस्तकं.

ती पूर्वी काचेच्या कपाटात असत. मळतील म्हणून किल्ली काकांकडे. गल्लीतली मुलं काचेला नाक लावून बघायची, सुट्टीत आलेली मीसुद्धा. इंग्रजी शाळेमुळे मी मराठी अडखळत वाचायचे. नुसत्या पुस्तकांच्या पाठी बघून कुठलं मागावं ते कळायचं नाही, आणि मागण्याचा धीर तर नव्हताच. मावशीला मात्र ती मुलांच्या हातात द्यायचीच होती.

एका वर्षी महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी तिनं किल्ली मागितली. देवीच्या कामाला काका नाही कसं म्हणणार? खेळणी बाजूला सारून तिनं सगळ्या पायऱ्यांवर पुस्तकंच मांडली, चित्रं समोर. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हसल्या. "काय वो वैनी, औंदा लक्ष्म्यांची परीक्षा हाय का?"

"हाव. अन् पास बी हुतील," मावशी म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या चिमुरडीनं खालच्या पायरीवरचं हत्तीचं पुस्तक उचललं. विसर्जनाआधी आराशीला कुणी हात लावत नाही. मावशीची सासू ओरडली, "ठिव आधी! आरास मोडती व्हय गं?" मावशीनं त्या रडवेल्या पोरीला मांडीवर घेतलं आणि पुस्तक उघडलं. "लक्ष्म्यांचीच लेकरं हायत, आत्याबाई. त्यांनी न्हाई घ्यायचं तर कुणी?" संध्याकाळपर्यंत पायऱ्या रिकाम्या झाल्या आणि अंगण भरलं. मीही न विचारता एक घेतलं.

विसर्जन झालं, पायऱ्या मात्र निघाल्याच नाहीत. काका कपाटाकडे बोट दाखवायचे, ती विचारायची, "माणूस पाठीवरून वळखता का तुमी?" पुस्तकं मळली, फाटली, चिकटपट्ट्यांनी जाड झाली. सगळ्यात फाटकं ती वरच्या पायरीवर, मानाच्या जागी ठेवायची.

तेराव्याला आवराआवर करताना नातलगांनी पुस्तकं कपाटात रचून टाकली. मी दारात उभी होते. काका उठले. एकेक पुस्तक काढून पायऱ्यांवर लावू लागले.

"दादा, ऱ्हाऊ द्या की, धूळ बसंल," त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला.

"बसू द्या. पाठीवरून कुणी वळखतंय का?"

त्यांनी हत्तीचं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ते खालच्या पायरीवर ठेवलं, तोंड पुढे करून. मागे उंबऱ्यापाशी मुलं चपला काढत होती.